मॉरिशसचा किनारा

मे महिन्याच्या सुटींत मॉरिशसला जाणारा मनुष्य उन्हाळा टाळावयास निघतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशीं जाऊन उतरतो. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर असल्यामुळें तेथील ऋतु आपल्या उलट. पण त्या हिवाळ्याला भिण्याचें कारण नाहीं. दोन्ही ऋतूंच्या सरासरी तपमानांत चारेक अंशांचेंच काय तें अंतर. फरक पडतो तो वाऱ्यानें. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे हिवाळ्यांत अधिक जोर धरतात. पूर्व किनाऱ्यावर टोपी सांभाळावी लागते, तेव्हां पश्चिमेस पाणी बरेंच शांत असतें. वाऱ्यांतील बाष्प मधल्या पठारावर अडतें. म्हणून पठारावर वर्षाला सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर सुमारें ९००. घाटमाथा आणि देश यांतला भेद येथें एका सकाळींच पाहून होतो! जानेवारी ते मार्च हे दिवस मात्र चक्रीवादळांचे.

खाण्याच्या बाबतींत आपल्याला परकेपणा वाटूं नये. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठीं करारबद्ध मजूर हिंदुस्थानांतून नेण्यांत आले. बहुतेक बिहारकडचे, कांहीं तामीळ, कांहीं तेलुगु, आणि मुंबई बंदरांतून गेलेले आपले कोंकणांतले मराठीहि. गणेशचतुर्थीला तेथें आज सार्वजनिक सुटी असते, ती उगीच नव्हे. रस्त्यांवर मिळणारी डाळपुरी म्हणजे गुळावांचूनची पुरणपोळीच म्हणाना: डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरें घालून पोळींत भरलेली. ती जोडीनें मिळते. वर शेंगदाण्यांची नव्हे, घेवड्याच्या दाण्यांची रसभाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरची. ‘गातो पिमां’ या फ्रेंच नांवाला भुलूं नये. तो आपला डाळवडा, आणि तो लोणी लावलेल्या पावांत घालून न्याहारीला खातात. सब्जा घातलेलें थंड दूध, ‘आलुदा’, उन्हांतून आल्यावर जरूर घ्यावें.

रविवारीं स्थानिक कुटुंबें भांडींकुंडीं घेऊन समुद्रकांठच्या झाडांखालीं जेवावयास जमतात. पोहण्याचे कपडे वाळूपुरतेच. गांवांत किंवा देवळांत त्या वेषानें जाणें तेथें असभ्य मानतात. ‘सेगा’ नृत्य हॉटेलांत करमणूक म्हणून दाखवितात, पण तें जन्मलें आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांत, हें ठाऊक ठेवून पाहावें. त्याचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ, ‘रावान’, वाजविण्यापूर्वीं शेकोटीवर तापवितात.

हा सारा किनारा ज्यावर विसंबून आहे ती प्रवाळांची भिंत. तीच लाटा बाहेर अडविते. २५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशिओ’ नांवाचें जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळांवर रुतलें, आणि ऑगस्टांत सुमारें १००० टन तेल समुद्रांत गेलें. लोकांनीं उसाचें पाचट कापडांत भरून लांबलचक लोड शिवले आणि ते पाण्यावर सोडून तेलाला अडविलें. तेव्हां प्रवाळावर पाय देऊं नये, त्याचा तुकडाहि उचलूं नये. दक्षिणेस सुईयाकजवळ ग्री-ग्री येथें ही भिंत खंडित आहे व लाटा थेट कड्यांवर आदळतात. ती जागा पाहावी. पाण्यांत मात्र उतरूं नये.