पाठीचे दुखणे आणि फायलीवरची नोंद
माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन कोणत्या निकषांवर मिळते, का नाकारले जाते आणि नकारानंतर काय करायचे?

कर्वेनगरहून वारजे, शिवणे ओलांडून रस्ता राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जातो. या पट्ट्यात निवृत्त सैनिकांची घरे जागोजागी आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांतून फौजेत गेलेली ही माणसे मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात स्थिरावली. अनेकांनी पेन्शनला जोड म्हणून सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. बारा तासांच्या ड्युटीत कंबर भरून येते, तरी "आता वय झालं" म्हणून विषय संपतो. पण ते दुखणे वयाचे नसून नोकरीचे असेल, तर त्याची भरपाई हा त्यांचा हक्क आहे.

दोन अटी

या भरपाईला फौजी बोलीत 'डिसॅबिलिटी पेन्शन' म्हणतात. तिचे दोन भाग असतात: सेवा घटक आणि अपंगत्व घटक. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याला नेहमीचे पेन्शन मिळतेच. अपंगत्व घटक त्यावर वेगळा मिळतो. त्यासाठी अटी दोन. दुखणे लष्करी सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, आणि वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किमान २० टक्के ठरवलेले असावे.

रणांगणावरच्या जखमेत पहिल्या अटीचा प्रश्न उरत नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी घेऊन परतले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातही मज्जारज्जूला इजा झालेले जवान राहतात. त्यांची दुखापत कुणालाही दिसते.

अडचण येते ती हळूहळू झिजलेल्या पाठीची. पिट्ठू लादून केलेली चढाई, लष्करी ट्रकचे धक्के, दारूगोळ्याच्या पेट्यांची चढउतार, पॅराशूटच्या उड्या यांचा भार वर्षानुवर्षे मणक्यांवर पडतो. मणक्यांमधली गादी सरकते, नस दाबली जाते आणि कळ पायापर्यंत उतरते. पण असाच बदल फौजेत कधीही न गेलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही दिसतो. म्हणून मंडळ 'वयोमानाने झालेली झीज' असा शेरा मारते, सेवेशी संबंध नाही असे लिहिते आणि दावा तिथेच अडतो.

कायद्याचा कल जवानाकडे

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या १९८२च्या नियमांनी या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली होती. भरतीवेळी ज्या दोषाची नोंद नाही, तो तेव्हा नव्हता असे गृहीत धरायचे. दावा सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यायचा. प्रशिक्षण, कूच आणि दीर्घकाळ उभे राहणे यांमुळे होणाऱ्या विकारांच्या यादीत मणक्याच्या संधिवाताचाही उल्लेख होता. धरमवीर सिंग प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले. राजुमोन टी. एम. प्रकरणात २०२५ साली न्यायालयाने पुन्हा बजावले, की वैद्यकीय मंडळाने मताची कारणे द्यायलाच हवीत. ही दोन्ही प्रकरणे पाठीच्या दुखण्याची नव्हती, पण त्यांतले तत्त्व पाठीलाही लागू पडते.

टक्केवारीवर बरेच पैसे अवलंबून असतात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि त्याच प्रमाणात ती खाली येते. वेतन ५०,००० असेल तर २० टक्क्यांना महिना ३,००० रुपये होतात. मात्र राम अवतार प्रकरणातल्या डिसेंबर २०१४च्या निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत नियत वयाला निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. २० टक्के तिथे ५० धरले जातात आणि रक्कम ७,५०० होते. उलट, निवृत्त जवानाचे अपंगत्व २० टक्क्यांखाली असेल तर ही सवलत मिळत नाही, असे २०१९ साली न्यायालयाने ठरवले. म्हणून मंडळाने लिहिलेला आकडा नीट वाचला पाहिजे.

२१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम लागू आहेत. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्यांनी वरचे हिशेब स्वतःला लावण्याआधी नवे नियम तपासावेत.

नकारानंतरची वाट

नकाराचे पत्र आले की पहिले अपील, ते फेटाळले गेले की दुसरे. प्रत्येकासाठी मुदत साधारण सहा महिन्यांची. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि महाराष्ट्रातल्या जवानांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अपिलात "मला त्रास होतो" एवढेच लिहून भागत नाही. भरतीवेळी पाठ निरोगी होती, अमुक साली अमुक तैनातीत दुखणे सुरू झाले, मंडळाने कारण दिलेले नाही, असे मुद्द्याला मुद्दा धरून लिहावे लागते. मंडळाचा अहवाल हाताशी नसेल तर माहितीच्या अधिकारात अभिलेख कार्यालयाकडे मागता येतो. अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

उशीर महाग पडतो. तरसेम सिंग १९८३ साली वैद्यकीय कारणाने फौजेतून बाहेर पडले आणि १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य ठेवला, पण थकबाकी याचिकेआधीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच दिली. आधीची सारी वर्षे गेली.

पाठीच्या दुखण्याचा पुरावा नोकरीतच तयार होतो, आणि तो बहुधा तयारच होत नाही. आमच्याकडे दुखणे अंगावर काढणे हीच मर्दुमकी समजली जाते. प्लाटूनमध्ये कुणी कामचुकार म्हणू नये म्हणून जवान मलम चोळून पुन्हा परेडला उभा राहतो. पंधरा वर्षांनी मंडळ विचारते, तेव्हा कागद कोरा असतो. कागद कोरा राहू नये ही जबाबदारी वरिष्ठांचीही आहे, आणि मंडळाने एका ओळीत दावा फेटाळू नये ही सरकारची.

म्हणून ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा जावई आज फौजेत आहे, त्यांनी पुढच्या फोनवर त्याला एवढे जरूर सांगावे: कंबर दुखली तर सिक रिपोर्ट कर, एमआय रूममध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणी कक्षात, नोंद करून घे, पडलास तर इंज्युरी रिपोर्ट भरून घे आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी पाठव.