व्हर्जिनियाने न जुमानलेला निकाल

आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातला दावा जिल्हा न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय असा चढत दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. जिना एकच. अमेरिकेत जिने दोन आहेत: प्रत्येक राज्याची आपली न्यायालयं आणि शेजारी संघराज्याची. मग राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाचा निकाल वॉशिंग्टनने तपासायचा की नाही? संविधान याबद्दल थेट काहीच बोलत नाही. १७८९च्या कायद्याने ‘हो’ म्हटलं होतं; पण त्या कायद्याचं ते कलमच घटनाबाह्य आहे, असं व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने १८१५मध्ये एकमताने ठरवलं!

निमित्त जमिनीचं. लॉर्ड फेअरफॅक्सची तिथे पन्नास लाख एकरांहून मोठी जहागीर होती. १७८१मध्ये तो वारला आणि ती इंग्लंडमधल्या भाच्याकडे गेली. व्हर्जिनियाने शत्रुदेशाच्या प्रजाजनाचा हक्क नाकारून त्यातला एक तुकडा डेव्हिड हंटरला देऊन टाकला. ब्रिटनशी झालेले तह मात्र अशा मालकीला संरक्षण देत होते. सर्वोच्च न्यायालयाने १८१३मध्ये भाच्याच्या बाजूने कौल दिला, तो व्हर्जिनियाने मानलाच नाही.

प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आलं. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या कुटुंबाने यातली जमीन विकत घेतलेली, म्हणून ते बाजूला राहिले. १८१६चा निकाल लिहिला छत्तीस वर्षांच्या जोसेफ स्टोरींनी. संविधान अधिकार देतं ते खटल्यात काय आहे हे पाहून, तो कोणत्या न्यायालयात चालला हे पाहून नव्हे, असं त्यांनी बजावलं. नाहीतर एकाच तहाचा दर राज्यात वेगळा अर्थ लागेल. आणि हुकूम पुन्हा त्या हट्टी अपील न्यायालयाकडे न धाडता त्यांनी विंचेस्टरच्या खालच्या कोर्टाचा निकाल थेट कायम केला. केवढी चतुराई ही!

मला याहून थक्क करतो तो १८२१चा खटला. कोहेन बंधूंना लॉटरीची तिकिटं विकल्याबद्दल व्हर्जिनियात शंभर डॉलर दंड झाला. फौजदारी निकालही आम्ही तपासू शकतो, असं मार्शलनी ठणकावलं, आणि मग दंड कायम ठेवला. व्हर्जिनिया जिंकली होती. धुडकावायला तिच्या हाती काही उरलंच नाही.

या अधिकाराला कुंपणही आहे. संघराज्याचा कायदा, तह किंवा संविधान यांचा प्रश्न असेल तरच तो चालतो. वाद निव्वळ राज्याच्या कायद्याचा असेल, तर आजही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचाच शब्द अखेरचा.