घडी बसेपर्यंत

बाळाच्या पायात वाळे, कमरेला करदोटा, थोडं चालायला लागलं की घुंगरांचे पैंजण. महाराष्ट्रात आणि बाहेरही कितीतरी बारशांना पोचणारी ही चांदी हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत घडते. इथे घर आणि कारखाना यांच्यात फारसं अंतर नसतं. पुढच्या खोलीत भट्टी आणि मूस, मागच्या सोप्यात कड्या जोडत बसलेल्या बायका, मधल्या जागेत शाळेतून आलेली पोरं, हे चित्र या गावाला नवीन नाही. अशा घरात मूल दत्तक घ्यायचं ठरतं, तेव्हा नवरा-बायको मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत बसून केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर अर्ज भरतात. मुलगा की मुलगी, वय किती, राज्य कोणतं, असं विचारत अर्ज पुढे सरकतो आणि एका प्रश्नापाशी बहुतेकांचा हात थांबतो. विशेष गरजा असलेलं मूल चालेल का?

बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. जून 2022 अखेरची कारानेच दिलेली आकडेवारी बोलकी आहे. गृहचौकशी पूर्ण होऊन मुलाची वाट पाहणारे पालक होते 28,501. कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं होती 3,596, आणि त्यातली 1,380 विशेष गरजांची. एका बाजूला तीन-तीन वर्षांची प्रतीक्षायादी आणि दुसऱ्या बाजूला पाळण्यात कुणाची तरी वाट पाहणारी ही लेकरं. यातल्या अनेकांना पुढे परदेशातली कुटुंबं घेऊन जातात. त्यांचं तिथे भलं होतं, याबद्दल आनंदच आहे. पण कोल्हापूर-सांगलीतल्या घरांनी त्यांचा विचारही का करू नये?

भीती बहुधा त्या दोन शब्दांची असते. ‘विशेष गरजा’ म्हटलं की अंथरुणाला खिळलेलं मूल डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात या यादीत दुभंगलेल्या ओठाचं बाळ असतं, आणि त्या ओठावरची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनंतर करता येते. आतल्या बाजूला वळलेल्या पावलांचं बाळ असतं. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत काही आठवड्यांत पावलं सरळ होतात, मग रात्री घालायचे विशेष बूट चार-पाच वर्षांचं होईपर्यंत सांभाळावे लागतात. कमी ऐकू येणारी, एका डोळ्याने अधू, हृदयाला छिद्र असलेली मुलं असतात. डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांच्यासारख्या आयुष्यभराच्या अवस्थाही असतात. यातलं काय आपल्या घराला पेलेल, हे त्या एका रकान्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी मुलाचा वैद्यकीय अहवाल हातात घेऊन ओळखीच्या बालरोगतज्ज्ञापुढे बसावं लागतं.

कोल्हापूरला दत्तक ही गोष्ट अपरिचित नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे राजर्षी शाहू म्हणून सगळ्या देशाला माहीत झाले. पण ते दत्तक गादीला वारस हवा म्हणून होतं. घराण्याला, शेतीला, धंद्याला वारस हवा, ही समजूत आजही गावोगावी घट्ट आहे आणि विशेष गरजांच्या मुलाला तीच सर्वांत आड येते. ‘म्हातारपणी बघायला कुणीतरी’ एवढ्यासाठीच मूल हवं असेल, तर ज्याला आपणच आयुष्यभर बघायचं आहे ते मूल कोण घेईल? मुलाला घर हवं आहे, एवढ्या एका कारणासाठी दत्तक घेणारे पालक म्हणूनच थोडे भरतात.

आदित्य तिवारी हे त्यांपैकी एक. मूळचे इंदूरचे, पुण्यात संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारे. इंदूरच्या एका अनाथाश्रमात त्यांनी डाउन सिंड्रोम असलेलं बाळ पाहिलं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही. तेव्हा एकट्या पुरुषाला दत्तक घ्यायला वयाची तिशी पूर्ण असावी लागे आणि तिवारी त्याहून लहान होते. पत्रव्यवहार, हेलपाटे, ‘लग्न कोण करेल तुझ्याशी’ असं विचारणारे नातेवाईक, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. 2015 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ही अट 25 वर्षांवर आणली आणि 1 जानेवारी 2016 रोजी बाळ त्यांच्या घरी आलं. त्यांचं कौतुक देशभर झालं. त्या कौतुकापेक्षा त्यांची पुढची वाट जास्त सांगण्यासारखी आहे. त्यांनी नोकरी सोडली आणि अशा मुलांच्या आईवडिलांना भेटून बोलण्याचं, धीर देण्याचं काम हाती घेतलं.

हे धीर देणं का लागतं, ते अशा घराचा एक दिवस पाहिला की कळतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाचं घर घ्या. रात्री आखडलेले हातपाय मोकळे करण्यापासून सकाळ सुरू होते. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले ताण देण्याचे व्यायाम आई किंवा आजी करून घेते. पायांत आधाराचे स्प्लिंट चढतात. खाणं हा दिवसातला सर्वांत लांबचा उद्योग. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून पाठ सरळ ठेवून बसवायचं, नाचणीची पेज पातळ न ठेवता दाट करायची, छोट्या चमच्याने एकेक घास द्यायचा आणि तो गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. दिवसातून तीन-चार वेळा हेच. मधल्या वेळात उभं राहायचा सराव, शब्दांचा सराव, औषधं. डाउन सिंड्रोमचं मूल असेल तर वेळापत्रक निराळं. अशा जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून हृदयाची तपासणी होते. थायरॉइड आणि कान नियमित तपासावे लागतात, आणि स्नायू सैल असल्यामुळे बसणं, चालणं, बोलणं सगळंच सावकाश येतं. येतं मात्र नक्की.

हुपरीच्या घरात या वेळापत्रकात कारखाना मिसळतो. चांदी वितळते ती 961 अंशांच्या पुढे. भट्टीची धग, तेजाबाची वाफ, बारीक कड्यांचे ढीग, पॉलिशच्या मशीनचा आवाज. सगळं तोंडात घालणाऱ्या किंवा मोठ्या आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला हे चालणारं नाही. आटणीची जागा दाराआड करणं, वाफ बाहेर जायला वाट करणं, उंबरठ्यावर उतार बांधणं ही कामं मूल घरी येण्याआधीची आहेत. त्याच घराची दुसरी बाजूही आहे. दोघं नोकरीवर जाणाऱ्या शहरी जोडप्याला मूल सांभाळायला माणूस शोधावा लागतो. इथे आजी, काकी, शेजारीण हाताशी असते. कड्या जोडता जोडता ती मुलाशी बोलते आणि मूल ऐकतं. शहरातल्या थेरपी सेंटरात पैसे मोजूनही इतकं सततचं बोलणं मिळणं कठीण.

दत्तक मुलाच्या बाबतीत या सगळ्याखाली आणखी एक थर असतो. संस्थेत वाढलेलं बाळ कधी कधी रडतच नाही, कारण रडून कुणी येत नाही हे ते शिकलेलं असतं. कुणी पोळी उशीखाली लपवतं, कुणी रात्री दचकून उठतं, कुणी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही कडेवर जातं. नव्या आईवडिलांना वाटतं, याला आपला लळाच लागत नाही. रुमानियात 2000 च्या सुमारास सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात अनाथाश्रमांतल्या 136 मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. काहींना पालक-कुटुंबांत ठेवलं होतं. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि माया लागण्याची ताकद बरीच सावरली. उशिरा घर मिळालेल्यांनाही फायदा झाला, पण तितका नाही. म्हणून पहिले काही महिने पाहुण्यांची वर्दळ, बारशाचा मोठा घाट, मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवणं टाळलेलं बरं. भरवणं, झोपवणं, आंघोळ या गोष्टी एक-दोन ठरावीक माणसांनीच कराव्यात. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन अहवाल देते. ती तपासनीस आहे असं समजून तिच्यापुढे घर सजवण्यापेक्षा ‘रात्री झोपत नाही, आम्ही दमलोय’ हे तिला खुलेपणाने सांगावं.

घरात आधीचं मूल असेल तर तेही या बदलात असतं. 2022 च्या नियमांनुसार दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्याला नातेवाइकांतलं वा सावत्र मूल वगळता विशेष गरजांचं किंवा सहजी घर न मिळणारं मूलच दत्तक मिळू शकतं. म्हणजे अशा अनेक घरांत दादा किंवा ताई आधीच असते. आईचा सगळा वेळ नव्या भावाला जातो, हे तिला दिसतं, खुपतं. आठवड्यातला थोडा वेळ फक्त तिचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

घराबाहेर मदत आहे, पण ती शोधून घ्यावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे आणि 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी येऊन शिकवण्याची सोय समग्र शिक्षा अभियानात आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. कोल्हापुरात शेंडा पार्कला बौद्धिक अक्षम मुलांसाठी ‘चेतना’ संस्था आहे. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ तर या जिल्ह्याचा अभिमान आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी अपंग मुलांची शिक्षणं आणि रोजगार उभे केले.

शेवटी प्रत्येक आईवडिलांच्या ओठावर एक प्रश्न येतोच: आमच्यामागे काय? अठरा वर्षांनंतर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. दत्तक मूल कायद्याने पोटच्या मुलाइतकंच वारस असतं, त्यामुळे मालमत्तेची व्यवस्थाही लिहून ठेवता येते. या प्रश्नाला माणसाच्या जिद्दीचं उत्तर पाहायचं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला जावं. शंकरबाबा पापळकर यांनी तिथे 123 बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. ‘अठरा वर्षं झाली, आता संस्थेतून बाहेर’ हा नियम अशा मुलांना लावू नये म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची मानसकन्या, दृष्टिहीन माला पापळकर, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तान्ही असताना ती जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली सापडली होती.

प्रत्येकाने विशेष गरजांचं मूल घ्यावं, असं मुळीच नाही. ज्यांना पेलणार नाही त्यांनी नाही म्हणणंच मुलाच्या हिताचं आहे. पण हुपरीत किंवा आसपास कुणी दत्तकाचा अर्ज भरत असेल, तर त्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी कोल्हापूरच्या बालकल्याण संकुलात जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांशी बोलावं आणि असं मूल वाढवणारं एखादं घर पाहून यावं. आणि ज्यांच्या गल्लीत असं मूल आलंच आहे, त्यांनी ‘कुणाचं हो?’ हा प्रश्न विचारू नये. आठवड्यातून एकदा तासभर मुलापाशी बसावं, म्हणजे त्याच्या आईला थोडी झोप मिळेल.