बावीस पावलांची धार

दिवाळीच्या फराळाचा डबा पाठीवर टाकून डोंगर चढायला निघणाऱ्या माणसासाठी आमच्या घरी एक खास शब्द आहे. तो इथे छापण्याजोगा नाही. पण ज्या वाचकांच्या घरी असा एखादा इसम असेल, त्यांच्या गृहिणींना तो तोंडपाठ असणारच. मी असा इसम होतो. नुसता होतो असे नव्हे, आमच्या चौकडीचा सेनापती होतो. वाट मी शोधायची, पुढे मी चालायचे, थांबायचे कुठे ते मी ठरवायचे, ही रीत १९७१ साली कॉलेजात असताना पडली, ती चांगली बत्तीस वर्षे चालली. ती मोडली कशी, हे मी होऊन आजवर कोणाला सांगितलेले नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर लाज बाळगण्याइतके त्राण उरले नाही, म्हणून सांगतो.

२००३ सालची दिवाळी. भाऊबीजेच्या ओवाळणीचे हिशेब पुरते मिटलेही नव्हते, तोच आम्ही चौघे भल्या पहाटे स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर हजर झालो. चौघे म्हणजे मास्तर, डॉक्टर, कॅशिअर आणि मी. मास्तर शाळेत भूगोल शिकवीत. डॉक्टरांचा दवाखाना होता आणि तो बंद ठेवून ते येत, याचे त्यांच्या रोग्यांना फारसे दुःख होत नसावे. कॅशिअर एका बँकेत होता. किरकोळ रजा काढतानाही तो अशा चेहऱ्याने अर्ज देई, की साहेबाला वाटावे घरात काहीतरी गंभीर घडले आहे. चालताना तो नेहमी सर्वांत शेवटी. प्रत्येक कड्यावर बसून उतरणार, प्रत्येक दगड काठीने ठोकून बघणार. आम्ही त्याची थट्टा केली नाही अशी एकही सहल झाली नाही, आणि त्या थट्टेत माझा वाटा मोठा असे, हेही कबूल केले पाहिजे.

बेत होता राजगडावरून तोरण्याला जायचा. खाली न उतरता, डोंगराच्या धारेने. हे दोन्ही किल्ले एकाच रांगेवर बसले आहेत. हवेतून मोजले तर मधले अंतर आठएक किलोमीटर. पण आपण कावळे नसल्यामुळे पायांना ते बरेच अधिक पडते, आणि सकाळी निघालेला माणूस तोरण्याला पोचेपर्यंत उन्हे उतरू लागतात. तोरणा शिवाजीमहाराजांनी १६४६-४७च्या सुमारास घेतला, तिथे दुरुस्ती करताना धन सापडले आणि ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारायला लावले, असे सांगतात.

"म्हणजे एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रक्कम वर्ग केली," कॅशिअर म्हणाला. त्या सबंध सहलीत तेवढा एकच विनोद त्याने केला.

पहिल्या दिवसाचे फार सांगत नाही. गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढलो, पद्मावती माचीवर दुपार झाली, सईबाईंच्या समाधीपुढे डोके टेकले, रात्री देवळात झोपलो. चंद्राची कोर लवकर मावळली, थंडी पडली. चकल्या शाबूत होत्या, करंज्यांचा मात्र भुगा झाला होता. तो चमच्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच संजीवनी माचीवर. या माचीची दुहेरी तटबंदी पाहून माणूस थक्क होतो. भिंतीत भिंत, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. त्या तटावरून पश्चिमेकडे पाहिले की तोरणा समोर उभा. त्याच्या बुधला माचीवरचा तो सुळका खरोखरच तेलाचा बुधला पालथा घातल्यासारखा दिसतो. आणि इथून तिथवर एखाद्या म्हशीच्या पाठकण्यासारखी गेलेली ती डोंगराची धार. मी काठी उचलून ती मंडळींना अशी काही दाखवली, की जणू काही ती मीच करवून घेतली होती.

अळू दरवाजातून बाहेर पडलो आणि घसारा सुरू झाला. ज्यांनी घसारा पाहिला नाही, त्यांच्यासाठी मास्तरांनी त्या वेळी दिलेले व्याख्यान थोडक्यात देतो. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. त्यातले काही थर घट्ट, काळेकभिन्न; त्यांचे कडे झाले. मधले थर सच्छिद्र आणि ठिसूळ. ते पावसाने कुजतात, त्यांचा मुरूम होतो. पावसाळाभर गवताच्या मुळ्या तो मुरूम धरून ठेवतात. आश्विन-कार्तिकात ऊन तापले की माती भुसभुशीत होते, गवत वाळून उताराच्या दिशेने झोपते, आणि त्यावर पाय ठेवणे म्हणजे तेल लावलेल्या चटईवर पाय ठेवणे. "म्हणून दिवाळीतला डोंगर श्रावणातल्या डोंगरापेक्षा फसवा," असे सांगता सांगता मास्तर स्वतःच बसते झाले आणि दहाबारा हात तसेच घसरत गेले. व्याख्यान तिथे संपले.

उतार संपला, मधल्या खिंडीतला भुतोंड्याकडे जाणारा रस्ता ओलांडला आणि पलीकडे थोड्या वेळाने एका धनगराचे घर लागले. तिथल्या आजींनी चौघांना तांब्या-तांब्याने ताक दिले. पैसे घेईनात, तेव्हा डॉक्टरांनी अनारशांचा डबा पुढे केला. त्यांनी एक अनारसा उचलून उलटसुलट पाहिला आणि नातवाच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्होरं धारंनं जाऊ नगा, दादा. औंदा पावसानं कड ढासाळलीया. खालच्या अंगानं ढोरवाट हाय, तिनं जावा."

"बरं आजी," मी म्हणालो. आणि शंभर पावले गेल्यावर धारेचीच वाट धरली. ढोरवाटेने जायचे तर मग धारेचा प्रवास कसला? कॅशिअर म्हणाला, "अरे, त्या इथं राहतात." मी म्हणालो, "तू मागून ये." एवढाच संवाद झाला. त्यातला माझा सूर मात्र अजून माझ्या कानात आहे.

तास-दीड तास सारे उत्तम चालले. डावीकडे खोल खाली भाटघर धरणाच्या पाण्याचे चकाकते तुकडे, उजवीकडे वेल्ह्याकडची शेते, भात पिवळे पडलेले. मग झाडी संपली, धार अरुंद होत गेली आणि ती जागा आली. ती जागा म्हणजे कशी? कौलारू घराच्या आढ्यावरून चालायची कल्पना करा. फक्त कौलांच्या जागी सुटा मुरूम आणि पागोळ्यांच्या जागी दरी. डावी बाजू ताजी ढासळलेली, तांबडी. लांबी फार नाही. पुढे मी मोजली, बावीस पावले. अशा जागा मी आयुष्यात पन्नास तरी ओलांडल्या असतील.

सातव्या-आठव्या पावलाला पायाखालचा धोंडा निघाला. मी डाव्या अंगाला चार-पाच हात घसरलो. कारवीचा एक खुंट हाताला लागला आणि थांबलो. इतकेच. खरचटणे आणि विजारीची चीर यापलीकडे काही झाले नाही. पण तो धोंडा खाली गेला. त्याचा पहिला आवाज आला, दुसरा आला, मग बराच वेळ काहीच नाही. वाटले, थांबला. आणि मग फार खालून एक अगदी लहानसा, पाण्यात गोटी पडावी तसा आवाज आला.

हाताने खुंट धरून, गुडघे टेकून मी कसाबसा पुन्हा धारेवर आलो, आणि तिथे बसलो. उठायचे म्हटले तर पाय उठेनात. मांड्या थरथरत होत्या. पुढे चौदा पावले, मागे आठ. दोन्हीकडे जाता येईना. मागून डॉक्टरांनी विचारले, "लागलं का?" मी म्हणालो, "नाही, जरा दम घेतो." पाच मिनिटे गेली, दहा गेली. ऊन डोक्यावर आले. बत्तीस वर्षे ज्यांच्या पुढे चाललो, त्या तिघांकडे पाठ करून मी बसलो होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता: यांना चेहरा दिसता कामा नये.

मग मागे काठीची टकटक ऐकू आली. कॅशिअर येत होता. बसून नव्हे, रांगतही नव्हे. ताठ उभा, बोटभर अंतराची पावले टाकीत. तो माझ्या मागे येऊन थांबला आणि हळूच, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असे म्हणाला, "भीती वाटतेय ना?"

मी मान हलवली.

"वाटणारच. मला बत्तीस वर्षं वाटतेय, मला सवय आहे. तुला पहिल्यांदाच वाटतेय म्हणून जड जातेय. ऊठ, मी सांगतो तसं कर."

आणि त्याने सांगितले. डोंगराला मिठी मारू नकोस. अंग आत झुकले की पाय बाहेर सटकतात. सरळ उभा राहा, सगळा भार तळव्यावर येऊ दे. लांब पाऊल नको. दोन पाय आणि काठी, यातले एका वेळी एकच हलवायचे. धोंड्यावर पाय द्यायच्या आधी टाचेने दोनदा ठोक. "बद्द वाजला तर खोटं नाणं समज. घ्यायचं नाही." दरीकडे बघू नको असे मात्र तो म्हणाला नाही. "बघ खुशाल. न बघता ती कुठं जातेय?" असे म्हणाला. एवढे बोलून त्याने मला वळसा घातला. त्या आढ्यावर, माझ्या खांद्याला धरून, बाहेरच्या बाजूने! तो पुढे झाला आणि प्रत्येक ठेपा ठोकून, "हा खरा, हा खोटा," असे म्हणत चालू लागला. मी त्याच्या टाचांकडे पाहत चाललो. चौदा पावलांना किती वेळ लागला ते ठाऊक नाही. पलीकडे पोचल्यावर तो एका दगडावर बसला आणि मला दिसले की त्याचे हात माझ्यापेक्षाही अधिक थरथरत होते. पाण्याच्या बाटलीचे बूच त्याला उघडता येईना. ते मी उघडून दिले.

डॉक्टर आणि मास्तर मागे फिरून ढोरवाटेने आले. आमच्याआधीच पुढच्या खळग्यात पोचून ते चिवडा खात बसले होते.

त्या दिवशी तोरण्यापर्यंत कॅशिअर पुढे आणि मी शेवटी. बुधला माचीखालचा कातळाचा टप्पाही तसाच चढलो. शेवटी चालताना काय काय दिसते, हे मला पन्नाशीला कळले. पुढचा माणूस फक्त वाट बघतो. रात्री मेंगाईच्या देवळात मास्तरांनी औरंगजेबाने १७०४ साली हा किल्ला घेऊन त्याला फुतूहुल्गैब नाव कसे दिले ते सांगितले आणि डॉक्टर त्यावर घोरले. मी जागा होतो. कॅशिअरही जागा होता.

"त्या आजींचं ऐकायला हवं होतं," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

घरी विजारीच्या चिरेविषयी विचारणा झाली. मी "काटा लागला" म्हणालो. तिने सुईत दोरा ओवला आणि त्या चिरेकडे पाहिले. एवढा रुंद काटा कुठल्या झाडाला असतो, असे तिने विचारले नाही, यातच सारे आले.

पण ते नंतरचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोरण्यावरून वेल्ह्याला उतरलो आणि पुण्याची एस.टी. लागलेली होती. मास्तर चढले, डॉक्टर चढले, मी चढलो. कॅशिअर पुन्हा शेवटी. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून ओरडत होता, गाडी गुरगुरत होती, आणि हा गृहस्थ खाली उभा राहून एस.टी.ची पायरी काठीने दोनदा ठोकून बघत होता.