श्रद्धा आणि सत्कर्म : एक जुना वाद

माणसाचे तारण कशाने होते, श्रद्धेने की सत्कर्माने? ख्रिस्ती धर्मातील हा प्रश्न वरकरणी पंडितांपुरता वाटतो. पण याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले. आपल्याकडील ज्ञान, कर्म व भक्ती यांच्या वादाची आठवण येथे होईल. मात्र ती तुलना फार ताणू नये, असे मला वाटते.

वादाचे मूळ नव्या करारातच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे. याकोबाच्या पत्रात मात्र कर्मावाचून विश्वास निर्जीव होय, असे बजावलेले आहे. गंमत अशी की, दोघेही साक्षीला उभा करतात तो एकाच माणसाला, अब्राहामाला! पौल म्हणतो, अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. म्हणजे विश्वास आधी, विधी मागाहून. याकोब त्याच अब्राहामाला पुत्र इसहाकास वेदीवर ठेवताना दाखवतो आणि म्हणतो, त्याचा विश्वास पूर्णत्वास गेला तो या कृतीने.

हा परस्परविरोध आहे काय? मला तसे वाटत नाही, कारण दोघांसमोरची माणसे निराळी आहेत. पौलाला काळजी आहे ती यहुदी नसलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांची. त्यांनी सुंता करून घ्यावी, असा काहींचा हट्ट होता. याकोबासमोर आहेत ते सोन्याची अंगठी घातलेल्याला सभेत मानाची जागा देणारे आणि उघड्या-उपाशी बांधवाला तोंडभर आशीर्वाद देऊन रिकाम्या हाती वाटेला लावणारे लोक. असले लोक पाहिले म्हणजे याकोबाची चीड मला अगदी पटते.

मार्टिन ल्यूथर हा मठवासी संन्यासी. उपास, जागरणे, पापनिवेदन सारे करूनही देव आपला स्वीकार करील, अशी खात्री त्याला वाटेना. पौल वाचताना त्याला सुटका गवसली. त्या काळी पापाच्या दंडातून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जात. त्यांविरुद्ध १५१७ साली त्याने ९५ प्रमेये मांडली. १५२२ च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द त्याने घातला, आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला चक्क गवताची उपमा दिली. हे जरा अतीच झाले! तथापि सत्कर्म त्याने टाकाऊ ठरविले नव्हते. त्याच्या मते ते तारणाची किंमत नव्हे, तर फळ होय.

१५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले : आरंभ देवाच्या कृपेनेच, पण माणसाने तिला साथ दिली पाहिजे, केवळ श्रद्धा पुरेशी नाही.

पुढे साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो कृपेने, माणसाच्या पुण्याईमुळे नव्हे, आणि तीच कृपा त्याला सत्कर्माकडे नेते, हे दोघांनीही मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. एवढे होऊनही कॅथलिक आणि ल्यूथरन यांना प्रभुभोजनासाठी सर्रास एका मेजाशी बसता येत नाही.