नाव तेच, कार्य नवे : ‘कृपाण’ आणि ‘कुठार’

शब्दाचे रूप कायम राहून त्याचा अर्थ पालटतो, तेव्हा त्यास आपण अर्थांतर म्हणतो. भारतीय तटरक्षक दलातील पहिल्या दोन मोठ्या जहाजांचा सेवावृत्तांत ही प्रक्रिया समजण्यास उपयोगी पडतो.

‘कृपाण’ म्हणजे तलवार. ‘कुठार’ म्हणजे कुऱ्हाड. मराठीतील ‘कुऱ्हाड’ हा शब्द ‘कुठार’पासूनच आला आहे. ब्रिटनमध्ये बांधलेली ही पाणबुडीविरोधी जहाजे १९५९ मध्ये नौदलात दाखल झाली. बॉयलरमधील वाफ टर्बाइन फिरवी आणि त्यावर जहाजाचा एकमेव पंखा चाले. वाफेवरील जहाजांसाठी मराठीत ‘आगबोट’ हा शब्द रुळलेला होताच. ‘आग’ आपली, ‘बोट’ इंग्रजी, असा हा संकरित सामासिक शब्द होय.

याच वर्गातील ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांनी प्राण गमावले. ‘कृपाण’ त्या मोहिमेत तिच्यासोबत होती.

पुढे गरजा बदलल्या. पश्चिम किनाऱ्यावर तस्करी वाढली होती. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र भारताच्या आर्थिक अधिकाराखाली येणार होते. त्याची राखण करण्यासाठी रुस्तमजी समितीच्या शिफारशीनुसार १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम तटरक्षक दल उभे राहिले. नौदलाने त्यास ही दोन जहाजे व पाच गस्ती नौका दिल्या. १९७८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

जहाजांची नावे शस्त्रांचीच राहिली. कार्य मात्र गस्त, तस्करांचा पाठलाग आणि संकटग्रस्तांचा शोध हे झाले. दलाचे ब्रीदही ‘वयं रक्षामः’, म्हणजे ‘आम्ही रक्षण करतो’, असे आहे. १९८३ मध्ये माझगाव गोदीत बांधलेले, डिझेल इंजिनांचे ‘विक्रम’ दलात आले आणि वाफेचे युग मावळू लागले.

‘तटरक्षक’ हा षष्ठी तत्पुरुष समास. त्याचा विग्रह व्याकरण सांगते. पूर्ण अर्थ मात्र अनुभवातून घडतो. वादळात इंजिन बंद पडलेल्या खारदांड्याच्या तांडेलास हा शब्द सुटकेची आशा देतो, तर तस्करास धाक. शब्दाचा अर्थ तपासताना तो कोणाच्या तोंडी आहे, हे म्हणूनच आधी पाहावे.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील दोन ज्येष्ठ मच्छीमारांकडून ‘आगबोट’, ‘लाँच’ व ‘जहाज’ या शब्दांचे अर्थ विचारून घ्या आणि त्यांतील भेद पाच ओळींत नोंदवा.