दोनशेच्या आतले पाहुणे

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आणि उत्तर ध्रुवाकडच्या सफरी विकणाऱ्या कंपन्यांना आपली माहितीपत्रकं नव्याने छापावी लागली. बातम्यांत गाजला तो एकच आकडा. संरक्षित क्षेत्रात येणाऱ्या जहाजावर दोनशेपेक्षा जास्त प्रवासी चालणार नाहीत. मोठ्या क्रूझना चाप बसला, छोट्या जहाजांना मोकळं रान मिळालं, असा त्याचा अर्थ लावून बहुतेक जण मोकळे झाले. नॉर्वेचा हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. हा अर्थ मात्र पटत नाही.

तीन हजार प्रवाशांचं जहाज फ्योर्डमध्ये येतं, धूर सोडतं, लोक डेकवरून फोटो काढतात आणि जहाज निघून जातं. त्याचा उपद्रव आहेच. पण छोटं जहाज मुळात वेगळी गोष्ट विकतं. ते किनाऱ्यावर उतरवतं, तेही हवा साथ देईल तर दिवसातून दोनदा. लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन उद्योजकाने १९६६ मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे छोटं जहाज बांधून घेतलं. तेव्हापासून या व्यवसायाचा गाभा हाच राहिला आहे. जागा डोळ्यांनी पाहिली की माणूस तिचा रक्षणकर्ता होतो, अशी लिंडब्लाडची श्रद्धा होती. श्रद्धा सुंदर आहे, पण पाहायला येणाऱ्याचे बूट शेवाळावर पडतात. बारमाही गोठलेल्या जमिनीवरचं ते शेवाळ एकदा तुडवलं गेलं की त्यावरची वाट पुढची कित्येक वर्षं दिसत राहते.

म्हणून नव्या नियमांतलं कमी चर्चेचं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. संरक्षित क्षेत्रात आता ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच प्रवासी उतरवता येतील. स्वालबार्डची सुमारे दोन तृतीयांश जमीन राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत मोडते, हे लक्षात घेतलं की या कलमाचं वजन कळतं. डझनभर प्रवासी घेऊन फिरणाऱ्या शिडाच्या जहाजांना ते सर्वांत जास्त झोंबलं आहे. कुणी जात नाही अशा आडबाजूच्या खाडीत शिरणं, हेच त्यांचं वैशिष्ट्य होतं. आता साऱ्यांनी त्याच त्या जागी गर्दी करायची का, हा त्यांचा सवाल रास्त आहे. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. ४३ ठिकाणी झालेली झीज मोजता येते, त्यावर लक्ष ठेवता येतं. शेकडो खाड्यांत विखुरलेली झीज कोण मोजणार?

उतरणं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. जहाजाच्या चालककक्षातून दुर्बिणी लावून किनारा पिंजून काढतात. मग गाइडांची पहिली झोडियाक, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, सुटते. खांद्याला रायफल, कमरेला आवाजी गोळे उडवणारं पिस्तूल. ते आधी टेकाडावर चढतात, पलीकडच्या उतारावर, मोठ्या दगडांमागे अस्वल झोपलेलं नाही ना ते बघतात आणि मगच वॉकीटॉकीवर ‘या’ म्हणतात. तोवर प्रवासी लाइफ जॅकेट घालून, बुटांचे तळवे घासून रांगेत उभे असतात. दुसऱ्या मुलखाची बी बुटाला चिकटून इथे येऊ नये म्हणून ही घासाघास. होडीत चढताना हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं, कारण ओल्या हातमोज्यातून नुसता हात निसटतो. किनाऱ्यावर गंजलेला डबा दिसला तर उचलायचा नाही. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण इथे कायद्याने वारसा आहे, मग ती स्मेरेनबुर्गच्या डच देवमाशामारांच्या चरबी उकळायच्या भट्ट्यांची असो की साध्या खिळ्याची.

इतकी काळजी घेऊनही काय होऊ शकतं, ते २८ जुलै २०१८ रोजी दिसलं. स्वालबार्डच्या अगदी उत्तर टोकाला, ८० अंशांच्याही वर, फिप्सओया नावाचं बेट आहे. ‘ब्रेमेन’ या जहाजाचे प्रवासी उतरण्याआधी बंदूकधारी रक्षक किनारा तपासायला गेले. तिथलं अस्वल त्यांना आधी दिसलंच नाही. त्याने एकावर झडप घातली, त्याच्या डोक्याला जखमा झाल्या. सोबत्यांनी अस्वलाला हुसकावायचा प्रयत्न केला, ते साधलं नाही आणि त्यांनी गोळी झाडली. किनाऱ्यावर पडलेल्या त्या अस्वलाचा फोटो जगभर फिरला. त्या रक्षकांना मी दोष देणार नाही, सोबत्याचा जीव वाचवणं त्यांना भागच होतं. पण ‘ब्रेमेन’ हे दीडशेच्या आसपास प्रवाशांचं जहाज होतं, म्हणजे दोनशेच्या आजच्या मर्यादेत आरामात बसणारं. अस्वल मेलं ते माणसं तिथे उतरायला गेली म्हणून. जहाज लहान असल्याने त्यात काही फरक पडला नाही.

अशा गाठीभेटी वाढणार, याचं कारण समुद्रात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वालबार्डच्या मुख्य गावाचं, लाँगइयरब्येनचं, सरासरी तापमान ११ अंशांच्या घरात गेलं. ७८ अंश अक्षांशावर हे भयंकर आहे. समुद्रावरचा बर्फ मागे सरकतो तशी सीलची शिकार अवघड होते, अस्वलं जास्त काळ जमिनीवर राहतात आणि बदकं-हंसांच्या घरट्यांतली अंडी खाऊन दिवस काढतात. प्रवासी उतरतात तेही अशाच किनाऱ्यांवर. स्वालबार्डमध्ये कायम वस्तीला असलेली अस्वलं तीनशेच्या आसपास. म्हणून नवा नियम सांगतो की अस्वलापासून एरवी ३०० मीटर दूर राहा आणि १ मार्च ते ३० जून या काळात, पिल्लं लहान असताना, ५०० मीटर. एवढ्या अंतरावरून मोबाइलमध्ये पिवळसर ठिपका येईल. माहितीपत्रकातला अस्वलाचा टपोरा चेहरा आता काढून टाकावा, तो दाखवून तिकीट विकणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

जहाज लहान म्हणून समुद्र दया दाखवत नाही, हेही सांगायला हवं. ‘ओशन एक्सप्लोरर’ सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये गाळात रुतलं, तेव्हा त्यावर २०६ माणसं होती. ‘ताराजोक’ या मत्स्यसंशोधन जहाजाने भरतीच्या वेळी ओढून काढेपर्यंत तीन दिवस गेले. कुणाला इजा झाली नाही. २०१७ पासून लागू असलेल्या ध्रुवीय संहितेमुळे, म्हणजे ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठीच्या नियमांमुळे, जहाजं अधिक भक्कम झाली, खलाशांना प्रशिक्षण मिळालं. पण मदतीला येणारं जहाज किती दूर असेल, ते संहिता ठरवू शकत नाही.

आपला या बेटांशी संबंध नुसत्या पर्यटनाचा नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारत सुरुवातीपासून आहे आणि न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपलं संशोधन केंद्र चालतं. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. छोटी जहाजं न्यू-ओलेसुंडच्या धक्क्यालाही लागतात. उतरण्याआधी प्रवाशांना फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं, कारण तिथल्या अँटेना आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत टिपतात आणि खिशातल्या फोनमुळेही मोजणी बिघडते. शिवाय घरटी जपायची म्हणून खडीचा रस्ता सोडायचा नाही. चिनी केंद्राच्या दारातले दोन दगडी सिंह आणि १९२६ मध्ये ज्याला ध्रुव-संशोधक अमुंडसेनचं ‘नॉर्गे’ हे एअरशिप बांधलं होतं तो उंच मनोरा, हे सगळं त्या रस्त्याच्या आसपासच आहे. फोन बंद ठेवून चालणारा प्रवासी विज्ञानाला थोडी का होईना मदत करतो, हे मला फार आवडतं.

आपल्याकडूनही लोक तिकडे जाऊ लागले आहेत. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट बहुधा नॉर्वेमार्गे आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर. म्हणजे जाताना एकदा आणि परतताना दुसऱ्यांदा शेंगेनमध्ये प्रवेश. तेव्हा व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या. मुंबईहून तिथवरच्या विमानांच्या धुराचा हिशेब वेगळाच आहे, तो ज्याने त्याने करावा. एकदाच जा, जास्त दिवसांसाठी जा, एवढंच मी म्हणेन. जमलं तर जुलैत जा. आल्केफियेलेटच्या काळ्या कड्यावर गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे साठ हजार जोड्या दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि जुलैच्या उत्तरार्धात त्यांची अजून उडता न येणारी पिल्लं कड्यावरून खाली पाण्यात उड्या घेतात. बाप पाण्यात हाका मारत असतो, नेम चुकलेल्यांसाठी खाली कोल्हे टपलेले असतात. अशा कड्यांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट जहाजाने पाच नॉटपेक्षा वेगाने जायचं नाही, असंही आता ठरलं आहे. म्हणजे हा सोहळा पाहायला वेळही जास्त मिळेल.

तिकीट काढताना जहाजात किती खोल्या आहेत आणि जेवण कसं आहे, हे सगळेच विचारतात. तुम्ही गाइड किती, एका वेळी किनाऱ्यावर किती माणसं उतरवता आणि गेल्या हंगामात अस्वल दिसलं म्हणून किंवा धुकं पडलं म्हणून किती वेळा उतरणं रद्द केलं, हे विचारा. रद्द केलेल्या खेपा जी कंपनी न लपवता सांगेल, तिच्याकडे पैसे भरा.